माहितीपट आणि परवानगी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चांदूर रेल्वे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जुनी घरे, जुनी छायाचित्रे, लग्नकार्यातील चालीरीती आणि बायाबापड्यांच्या तोंडच्या ओव्या यांचा एक माहितीपट तयार करावा, व तो पुढील संमेलनात सर्वांस दाखवावा, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे. संकल्प उत्तम आहे. तरुण मंडळी कामास लागण्याच्या घाईत आहेत, आणि आता कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशातच असतो. अशा वेळी अध्यक्षांनी आम्हांस आज्ञा केली की, चित्रण सुरू होण्यापूर्वी परवानग्यांविषयी चार शब्द सांगावेत.

आम्ही वकील नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात आमचा जन्म गेला. तरीही हे काम आम्ही पत्करले, त्यास एक कारण आहे. या बाबतीत आमच्या हातून पूर्वी एक चूक घडली आहे. ती त्या-त्या ठिकाणी सांगूच. तिच्यामुळे आम्हांस हा कायदा थोडाबहुत वाचणे भाग पडले.

माहितीपट ही वस्तू आपल्या पिढीस नवी नाही. भारत सरकारने १९४८ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजन स्थापन केली. मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी तिचा वृत्तपट किंवा माहितीपट दाखविणे चित्रपटगृहांस बंधनकारक असे. धरण, गव्हाचे वाण, देवीची लस, असे काहीतरी पडद्यावर चालू असे, आणि आम्ही मुले ते केव्हा संपते म्हणून चुळबुळ करीत असू. पुढे २०२२ साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आज विचार करता वाटते की, त्या काळ्यापांढऱ्या चित्रांतील शेतकरी, मजूर, पाणी भरणाऱ्या बाया यांची नावे आम्हांस कधी कळली नाहीत. त्यांना कोणी विचारले होते काय, हा प्रश्नही तेव्हा मनात आला नाही.

नाट्यपटात घर रंगविलेले असते, माणसे पगारी असतात, संवाद लिहून घेतलेले असतात. माहितीपटात मात्र पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू कोणाची तरी असते. घर कोणाचे, गाणे कोणाचे, छायाचित्र कोणाचे, आणि जिचे आयुष्य आपण दाखवितो ती बाई तर स्वतःचीच. म्हणून एका मिनिटाच्या चित्रासाठीही कधी कधी चार जणांस विचारावे लागते. सोयीसाठी या परवानग्यांचे आम्ही चार वर्ग पाडतो : शासनाची, स्थळाची, कृतीची आणि माणसाची.

पहिली शासनाची. १९५२ च्या चित्रपट कायद्यान्वये कोणताही चित्रपट सार्वजनिक रीतीने दाखवावयाचा तर प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. माहितीपटही त्यातून सुटलेला नाही. याविषयीचा एक प्रसिद्ध खटला मुंबईशी निगडित आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ साली ‘चार शहर एक कहानी’ नावाचा छोटासा माहितीपट तयार केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली या चार शहरांतील श्रीमंती आणि दैन्य त्यात शेजारी शेजारी मांडले होते. मुंबईच्या वेश्यावस्तीतील काही दृश्ये त्यात होती, म्हणून सर्वांनी पाहण्याजोगा असे प्रमाणपत्र मंडळाने दिले नाही. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने काटछाट न करता प्रमाणपत्र देण्याचे मान्य केले. परंतु अब्बासांनी मूळ तत्त्वाचा प्रश्न सोडला नाही. २४ सप्टेंबर १९७० रोजी न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटाची पूर्वतपासणी घटनेस धरून आहे, असे न्यायालयाने ठरविले. पण तपासणाऱ्याने कला आणि अश्लीलता यांतील भेद ओळखला पाहिजे व त्यासाठी स्पष्ट दंडक हवेत, असेही बजावले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. मुंबईचे माहितीपटकार आनंद पटवर्धन यांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ हा १९९५ चा माहितीपट दूरदर्शनने दाखविण्याचे नाकारले. प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत गेले, आणि २५ ऑगस्ट २००६ रोजी तो दाखवावा असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. अकरा वर्षे लागली, परंतु न्याय मिळाला. तात्पर्य असे की, शासनाने परवानगी नाकारली तर तिच्याविरुद्ध दाद मागता येते. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. आपल्या माहितीपटापुरते एवढेच की, तो तिकीट लावून अथवा चित्रपटगृहात दाखविण्याचा विचार असेल तर प्रमाणपत्राची तजवीज आधी करावी.

दुसरी परवानगी स्थळाची. आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. माहितीपटाचा आरंभ गाडी स्टेशनात शिरते येथून करावा, असे तरुण मंडळींनी आम्हांस सांगितले. कल्पना सुंदर आहे. परंतु स्टेशन आपल्या गावाचे असले तरी फलाट रेल्वेचा आहे. तेथे अशा कामासाठी चित्रण करावयाचे तर रेल्वेची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. गाविलगड व नरनाळा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले होत. तेथील चित्रणासाठी १९५९ च्या नियमांप्रमाणे त्या खात्याचा परवाना लागतो, आणि मेळघाटच्या राखीव जंगलात कॅमेरा लावावयाचा तर वनखात्यास विचारावे लागते. देऊळ किंवा मठ असेल तर विश्वस्तांस विचारावे, घर असेल तर घरधन्यास. हे सगळे अर्ज वेळखाऊ असतात, म्हणून चित्रणाची तारीख ठरविण्याआधी ते पाठवावेत.

तिसरी परवानगी कृतीची. कृती म्हणजे लेख, कविता, गीत, चाल, चित्र, छायाचित्र, ध्वनिमुद्रण. येथे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो. लेखकाच्या हयातीनंतर पूर्वी पन्नास वर्षे हा हक्क टिकत असे. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती. त्या सुमारास कायद्यात दुरुस्ती होऊन ही मुदत साठ वर्षांची झाली. साठ वर्षे मोजावयाची ती मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून.

आता हा हिशेब आपल्या भागास लावून पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांस मोकळे झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीस निवर्तले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांवरील हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत टिकणारा आहे. मोझरी आपल्या शेजारी, महाराज आपल्या जिल्ह्याचे, त्यांची भजने आपण लहानपणापासून खंजिरीवर म्हणत आलो. तेव्हा विचारावयाचे कशाला, असे कोणासही वाटेल. म्हणण्यास कोणाची ना नाही. परंतु ते भजन माहितीपटात घालावयाचे तर ज्यांच्याकडे हक्क आहे त्यांस पत्र लिहावे. शिवाय जुनी ध्वनिमुद्रिका वाजवावयाची असेल, तर शब्दांचा हक्क एकाचा, चालीचा कदाचित दुसऱ्याचा, आणि मुद्रणाचा तिसऱ्याचाच असतो. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने सिनेमाचे गाणे वाजविले तर कायदा त्यास सूट देतो. पण तीच वरात गाण्यासकट आपल्या माहितीपटात आली, म्हणजे ती सूट आपणास पुरत नाही. याउलट, चौकातील पुतळा किंवा सार्वजनिक जागी कायमचे उभारलेले शिल्प चित्रात आले तर त्यासाठी कलावंताची परवानगी लागत नाही. कायदा सर्वत्रच अडवितो असे नाही.

छायाचित्रांचे प्रकरण मात्र आपल्या घराघरांत शिरणारे आहे. कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल, तर निराळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा असतो, स्टुडिओवाला नव्हे. आता आपल्याकडे काय होते पाहा. आजोबांनी आपल्या उमेदीत अमरावतीस जाऊन फेटा बांधून, मूठ काठीवर ठेवून छायाचित्र काढविले. ते आज थोरल्या नातवाच्या माजघरात टांगलेले आहे. तरुण मंडळी त्याच्याकडे जातील, तो आनंदाने होय म्हणेल, आणि पुढे धाकट्याचा निरोप येईल की, आम्हांस विचारले का नाही ? भिंत एकाची असली तरी आजोबा चौघांचे आहेत, आणि त्यांच्या पश्चात हक्कही वारसांकडे जातो. तेव्हा चौघांसही विचारावे. जुन्या पत्रांचेही तसेच : कागद ज्यास आला त्याचा, परंतु मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या मागे त्याच्या वारसांचा.

ओव्यांविषयी थोडे सविस्तर बोलावेसे वाटते. जात्यावरची ओवी परंपरेने आलेली, तिचा कर्ता ठाऊक नाही, म्हणून ती कोणाचीच नाही, असा समज आहे. शब्दांपुरता तो बरोबर असेल. परंतु गाणाऱ्या बाईचा गळा तिचा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस प्रयोगाचा स्वतंत्र हक्क मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव दिले जावे हा मान मागण्याचाही. मात्र एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. गाणाऱ्याने एकदा लेखी करार करून चित्रपटात आपले गाणे घेऊ दिले, म्हणजे, करारात तसे काही राखून ठेवले नसल्यास, त्या चित्रपटापुरती त्यास हरकत घेता येत नाही. व्यापारी उपयोग झाल्यास मोबदल्याचा हक्क तेवढा उरतो. म्हणून आपण पुढे करू तो कागद हलका नाही, हे कागद देणाऱ्याने ओळखावे.

या बाबतीत अनुकरणीय असे एक काम महाराष्ट्रात झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. ज्या बायांची नावे सातबाऱ्यावरही चढली नाहीत, त्यांची नावे ओवीखाली आली. आपल्या माहितीपटात याहून कमी काही होऊ नये.

आता चौथी परवानगी, माणसाची. आणि आमची चूक.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, आम्ही नोकरीत असताना, आमच्या एका माजी विद्यार्थ्याने नवा व्हिडिओ कॅमेरा आणला. गावातील जुन्या माणसांचे बोल टिपून ठेवावेत, अशी त्याची इच्छा होती. आम्ही त्यास आमच्या शेजारच्या एका वृद्ध काकूंकडे नेले. नाव सांगत नाही. आज त्या हयात नाहीत. काकू ओसरीवर तुरीची डाळ निवडीत बसल्या होत्या. आम्ही जवळ बसून जुने दिवस काढले, आणि त्या बोलू लागल्या. तरुणपणी वैधव्य आले. दिरांनी कसल्याशा कागदावर अंगठा घेतला आणि कपाशीच्या वावरातील वाटा गेला. मग निंदणाला जाऊन, जिनात कापूस वेचून दोन लेकरे वाढविली. कॅमेरा बाजूस तिवईवर उभा होता. फोटो निघतो आहे, एवढीच त्यांची समजूत असावी. तो मुलगा शहाणा होता. त्याने हळूच विचारले, “सर, काकूंना सांगायचं का, हे लोकांना दाखवणार म्हणून ?” आम्ही म्हणालो, “अरे, घरचंच आहे. आम्ही सांगतो ना.”

गणेशोत्सवात ते चित्र मंडपात दाखविले गेले. दिरांकडची मंडळी समोरच बसली होती. दोन्ही घरांचे वर्षानुवर्षांचे वितुष्ट नुकतेच कोठे मिटत आले होते, आणि काकूंच्या नातीची सोयरीक त्याच मंडळींच्या मध्यस्थीने जुळत होती. त्या वर्षी सुपारी फुटली नाही. काकू जे बोलल्या त्यातील अक्षरही खोटे नव्हते. परंतु खरे आहे एवढ्याने ते आम्हांस वाटून टाकण्याचा अधिकार येत नव्हता. आम्ही क्षमा मागण्यास गेलो. त्यांनी पाणी दिले, चहा ठेवला, आणि एवढेच म्हणाल्या, “मी तुमच्यापाशी बोलली गुरुजी, साऱ्या गावापाशी नाई.”

त्या मुलाने तो भाग काढून टाकला. काकूंनी आम्हांस पुढे कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर आपली एकही जुनी गोष्ट त्यांनी आमच्याजवळ काढली नाही. त्यांच्याबरोबर किती गेले, त्याचा हिशेब आमच्यापाशी नाही.

पुढे वाचनात आले की, हे केवळ रीतीचे नाही, कायद्याचेही आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल खटल्यात म्हटले की, आपले स्वतःचे, कुटुंबाचे, विवाहाचे, मातृत्वाचे, मुलांचे व शिक्षणाचे खाजगी जीवन जपण्याचा नागरिकास हक्क आहे, आणि संमतीवाचून त्यासंबंधी प्रसिद्धी करणे योग्य नाही. सार्वजनिक दप्तरात नमूद असलेल्या गोष्टींचा त्यास अपवाद आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. शासनाच्या नकारावर दाद मागता येते, असे आम्ही मघाशी म्हणालो. घरातल्या माणसाने आपल्यावरचा विश्वास काढून घेतला, तर त्यावर दाद मागण्यास कोणतेही न्यायालय नाही.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे काही सूचना ठेवतो.

एक. संमतीचा कागद मराठीत असावा, सोप्या शब्दांत असावा, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास तो मोठ्याने वाचून दाखवावा. चित्र कोठे दाखविणार, किती वर्षे दाखविणार, यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकणार की नाही, हे त्यात स्वच्छ लिहावे. गीत, लेख, छायाचित्र यांचे हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच धरतो. आपली कितीतरी मुले आज परदेशी आहेत. त्यांनाही दाखवावयाचे असेल तर तसे नमूद करावे. कागदाची एक प्रत सही करणाराकडे राहावी.

दोन. कागद दिल्याबरोबर सही मागू नये. ही सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली ही ज्ञातिसंस्था आहे. अध्यक्ष, चिटणीस आणि एखादे गुरुजी दारी आले म्हणजे आपल्याकडील म्हातारे माणूस नाही म्हणत नाही. संकोचाने अंगठा उमटवून मोकळे होते. असा होकार हा होकार नव्हे. कागद एक रात्र त्या घरी राहू द्यावा. घरातील लेकी-सुनांशी त्यांस बोलू द्यावे. दुसऱ्या दिवशी कागद आणावयास वडीलधाऱ्यांनी जाऊ नये, एखाद्या मुलीस पाठवावे.

तीन. दोनदा विचारावे : एकदा चित्रणापूर्वी, आणि एकदा जोडणी झाल्यावर, त्या व्यक्तीस तिचा भाग दाखवून. एवढे गाळा असे कोणी म्हटले तर वाद न घालता गाळावे. कोणी साफ नकार दिला तर तो नकार चारचौघांत सांगू नये. जी मंडळी गोष्टीत येतात पण समोर नाहीत, त्यांच्या अब्रूचाही विचार करावा. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांची संमती घ्यावी.

चार. शाळेत हजेरीपट असतो, तशी एक वही ठेवावी. प्रत्येक दृश्य, गाणे, छायाचित्र व आवाज यांस एक-एक ओळ : वस्तू काय, कोणाची, कोणास विचारले, कोणत्या तारखेस, कागद कोठे आहे. ज्या ओळीचा रकाना रिकामा, ती वस्तू चित्रात नको. एखादे सुंदर दृश्य त्यामुळे हातचे जाईल, जाऊ द्यावे.

पाच. या माहितीपटाचा मालक कोण, हेही आजच लिहून ठेवावे. तरुण मंडळी प्रेमाने, बिनमोबदल्याने राबणार आहेत. संस्थेची मालकी राहील की त्यांची, न वापरलेले चित्रण कोणाच्या ताब्यात राहील, नावे कोणत्या क्रमाने येतील, हे लेखी असले म्हणजे पुढे मने दुखावणार नाहीत. भावाभावांत वाटणीचा कागद असावा, त्याने प्रेम कमी होत नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

इतक्या परवानग्या मागत बसलो तर काम होणार कधी, असे कोणी म्हणेल. काम हळू होईल हे खरे. पण ओसरीवर बसून कागद वाचून दाखविताना जे बोलणे निघते, तेच पुष्कळदा माहितीपटास हवे असते, आणि ते आपखुशीने आलेले असते.

आमच्या आळीत आता जुनी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्यापैकी एक आजी परवा वाटेत भेटल्या. संस्थेचा सिनेमा निघणार आहे असे त्यांच्या कानी गेले होते. ‘मला विचाराल का ?’ असे त्यांनी आम्हांस विचारले. त्या प्रश्नाचा अर्थ, आपली आठवण ठेवाल का असा होता, की आधी विचारून मग घ्याल का असा होता, ते आम्हांस कळले नाही. मंडळाने दोन्ही अर्थांनी होय असे उत्तर द्यावे, एवढी विनंती आहे.